खांदा दुखू नये म्हणून कुठली सेमी-ऑटो शॉटगन घ्यायची

हे बघ, सेमी-ऑटो म्हणजे बार झाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी बंदूक, आणि ती घेताना पहिली गोष्ट म्हणजे हलकी घेऊ नकोस, हातात घेतल्यावर मस्त वाटते पण १०० क्ले (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या) मारून झाले की खांदा बोलायला लागतो. ३.५ किलोच्या आसपासची बघ, वजन थोडा धक्का खातं आणि स्विंगही, म्हणजे उडत्या निशाण्यामागे बंदूक फिरवणंही, सलग राहतं.

दुसरं, गॅसवर चालणारीच घे. काडतुसातला थोडा गॅस बॅरलच्या भोकांतून पिस्टनवर जातो, तो बोल्टला (काडतुसामागचा सरकता भाग) मागे ढकलतो आणि त्यामुळे धक्का जरा लांबतो, म्हणजे ठोसा न बसता नुसतं रेटल्यासारखं वाटतं. बेनेलीसारखी इनर्शियावाली, म्हणजे गॅसऐवजी धक्क्याच्याच जोरावर चालणारी, स्वच्छ राहते, भरवशाचीही असते, पण तेवढ्याच वजनात लाथ जास्त मारते. बेरेटा ए४०० एक्ससेल मला सगळ्यात आवडते, आणि जुन्यात रेमिंग्टन ११००, १९६३ पासूनची आहे पण आजही मऊ वाटते. गॅसवाली साफ मात्र करावी लागते, पिस्टनवर काजळी साठली की अडकायला लागते.

आणि फिटिंग! यावर कितीही सांगितलं तरी कमीच. स्टॉक (खांद्याला टेकणारा मागचा भाग) लांब-आखूड असला किंवा गाल नीट टेकत नसला तर कितीही महागडी गन घे, गालावर फटका बसणारच, त्यामुळे आधी मित्राची मागून २५-५० राउंड मारून बघ. काडतूस २८ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅम छऱ्यांचं लावलंस तर फरक लगेच जाणवतो, फक्त तुझी गन त्यावर नीट सायकल होते का, म्हणजे रिकामं काडतूस फेकून पुढचं भरते का, ते तपास. डावखुरा असशील तर डावखुरं मॉडेलच शोध, नाहीतर रिकामी काडतुसं डोळ्यांसमोरून उडतात.