तेलघाणीच्या मातीतली तेलबुरशी ओळखताना

जळगावच्या तेलघाणीच्या अंगणातली, सरकीच्या ढेपेचा वास येणारी माती आणलीस, चांगलं केलंस. आता घाई नको. मातीतून वाढवलेल्या बुरशीचा डीएनए काढण्याआधी तिला सुदान ब्लॅक, म्हणजे मेद रंगवणारा रंग, लावून बघ. तंतूंच्या आत निळे-काळे थेंब दिसले तरच पुढे जा. तेवढ्यावर ती तेलबुरशी, म्हणजे अंगात भरपूर मेद साठवणारी बुरशी, ठरत नाही हं. कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांवर मेद भरला पाहिजे.

ओळखीसाठी डीएनएचा आयटीएस नावाचा भाग घे. २०१२ मध्ये बुरशींचा बारकोड, म्हणजे ओळख पटवणारा तुकडा, म्हणून तोच सुचवला गेला. सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, आला की आधी क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या अक्षरांच्या शिखरांचा आलेख, उघड. सुरुवातीची पंचवीस-तीस अक्षरं बहुधा गिचमिडच असतात, ती छाटून टाक. पुढे जागोजागी एकावर एक दोन शिखरं दिसली, तर कल्चर (प्लेटमध्ये वाढवलेली बुरशी) शुद्ध नसल्याचा संशय घे. मी एकदा ते न बघताच नाव लिहून मोकळा झालो. म्यूकर या बुरशीच्या कापसासारख्या वाढीखाली ॲस्परजिलस ही दुसरीच बुरशी दडली होती, सगळं काम पुन्हा करावं लागलं.

ब्लास्टमध्ये, म्हणजे आपला सिक्वेन्स साठवलेल्या सिक्वेन्सशी ताडून बघण्याच्या साधनात, वर आलेलं पहिलं नाव उचलू नकोस, हे कळकळीने सांगतो. तिथे चुकीच्या नावाने भरलेले सिक्वेन्सही असतात. टाइप स्ट्रेनशी, म्हणजे ज्यावरून त्या जातीचं नाव ठरलं त्या मूळ नमुन्याशी, जुळव, मग वंशवृक्ष काढ. ॲस्परजिलसची जात फक्त आयटीएसवर नक्की होत नाही, कॅल्मोड्युलिन जनुकही लागतो. यीस्ट (एकपेशीय बुरशी) असेल तर डीएनएचा डी१-डी२ नावाचा भाग घे.

आणि मूळ कल्चर जप. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो; प्लेटा दुपारच्या एसटीने पाठवू नकोस.