मुलीच्या कण्याला बाक आहे. रक्तातली प्रथिनं तपासून तो वाढेल की नाही हे कळेल का?

तुमची मुलगी १३ वर्षांची, बाक २२ अंशांचा, आणि कुणीतरी रक्तातलं ऑस्टिओपॉन्टिन नावाचं प्रथिन तपासायला सांगितलंय. मी लॅबमध्ये काम करते, तरी सांगते: नका करू, पैसे वाया जातील.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. ज्याचं कारण सापडत नाही अशा किशोरवयीन स्कोलिओसिसमध्ये, म्हणजे कण्याच्या बाकात, काही अभ्यासांत ऑस्टिओपॉन्टिन जास्त, मुलींमध्ये लेप्टिन हे संप्रेरक कमी, तर कूर्चेतलं कॉम्प नावाचं प्रथिन कमी दिसलंय. पण हे सगळे गटाच्या सरासरीतले फरक. एकेकीचा रिपोर्ट पाहिलात तर बाक असलेल्या आणि नसलेल्या मुलींचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

शिवाय वयाची गोम आहेच. ऑस्टिओपॉन्टिनचा संबंध हाडांच्या घडणीशी, त्यामुळे वाढत्या मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्तच असतं. १३ वर्षांच्या दोघीजणी, एकीला पाळी येऊन वर्ष झालेलं, दुसरीला अजून यायचीय. त्यांची तुलना कशी करणार? लेप्टिन तर चरबीतून येतं आणि या मुली बऱ्याचदा सडपातळ असतात. मग लेप्टिन कमी म्हणून बाक आला, की अंगावर मांस नाही म्हणून लेप्टिन कमी?

त्यात नमुन्याचा घोळ. रक्त गोठताना थ्रोम्बिन नावाचं विकर ऑस्टिओपॉन्टिनचे तुकडे पाडतं, म्हणून लाल टोपीच्या ट्यूबमध्ये रक्त गोठल्यावर मिळणारं सीरम आणि रक्त गोठू न देणाऱ्या जांभळ्या टोपीच्या ईडीटीए ट्यूबमधला प्लाझ्मा यांचे आकडे जुळत नाहीत. रिपोर्टवर मात्र नुसता आकडा छापून येतो.

बाक वाढेल का, याचा खरा अंदाज वाढ किती शिल्लक आहे यावरून येतो: पाळी आली का, उंची किती वेगाने वाढतेय, एक्स-रेमध्ये कमरेच्या हाडावरची रिसर खूण (हाडांची वाढ कुठवर आली ते दाखवणारी पायरी) कितवी आहे. दर चार-सहा महिन्यांनी एक्स-रे काढून कॉब कोन, म्हणजे बाक किती अंशांचा आहे ते, मोजून घ्या. ५ अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाही असू शकतो, लगेच घाबरू नका. २५ च्या पुढे गेला आणि वाढ बाकी असेल तर डॉक्टर ब्रेस (बाक वाढू नये म्हणून धडाला घालायचा आधार) सुचवतील. त्यात टाळाटाळ नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांखाली राहिला, न वापरणाऱ्यांत ४८ टक्के. रोज जितके जास्त तास घातला, तितका उपयोग जास्त.

रक्त द्यायचंच असेल तर ड जीवनसत्त्व बघा. कमी असेल तर भरून काढा, पण हाडांसाठी; त्याने बाक सरळ होणार नाही.