परवाना मॅन्युअलचा, गाडी ऑटोमॅटिक: ब्रिटनला निघालेल्या मुलुंडकरांना उत्तर

नमस्कार. तुम्ही विचारले आहे की, येत्या काही महिन्यांत मुलुंडहून लीड्सला स्थलांतर केल्यावर जी जुनी गाडी घ्यायची आहे ती मॅन्युअल असावी की ऑटोमॅटिक. तुम्ही स्वतः मुंबईत अनेक वर्षे मॅन्युअल गाडी चालवत आहात, तर तुमच्या पत्नींनी परवाना मिळाल्यापासून माहेरची एएमटी, म्हणजे क्लच न दाबता गिअर आपोआप बदलणारी गाडीच चालवली आहे. मी मूळचा गोरेगावचा, आता बऱ्याच वर्षांपासून शेफील्डला राहतो आणि तुमच्यासारखाच भारतीय परवाना घेऊन इथे आलो होतो. माझे मत असे की तुम्ही गाडीबद्दल विचारत आहात, पण आधी ठरवायला हवे ते परवान्याबद्दल. हे दोन निर्णय वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी निघू शकतात.

भारतात दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद असतो, मोटारीच्या परवान्यात नसतो. त्यामुळे आपल्याकडे एकदा पक्का परवाना हाती आला की कोणतीही मोटार चालवता येते. ब्रिटनमध्ये मात्र परीक्षा ज्या प्रकारच्या गाडीवर द्याल त्यावर परवान्याची व्याप्ती ठरते. मॅन्युअल गाडीवर उत्तीर्ण झालात तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. ऑटोमॅटिकवर उत्तीर्ण झालात तर फक्त ऑटोमॅटिक. त्या परवान्यावर मॅन्युअल गाडी एकट्याने चालवणे हा गुन्हा ठरतो आणि अपघात झाल्यास विम्याचाही प्रश्न उभा राहतो.

भारतीय परवाना इथे रहिवासी झाल्याच्या दिवसापासून १२ महिने चालतो. त्यानंतर त्याच्या बदल्यात ब्रिटिश परवाना मिळत नाही, कारण थेट अदलाबदल करता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे मुंबईत वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही इथे शिकाऊ परवाना, लेखी परीक्षा आणि रस्त्यावरील परीक्षा हे सगळे नव्याने करावे लागते. शिकाऊ परवान्याचे ऑनलाइन शुल्क ३४ पौंड आहे आणि त्यासाठी देशात किमान १८५ दिवस राहण्याची परवानगी असावी लागते. लेखी परीक्षेत ५० प्रश्नांपैकी ४३ बरोबर यावे लागतात. शिवाय रस्त्यावरील धोका वेळीच ओळखण्याची चित्रफितींची चाचणी असते, तिच्यात ७५ पैकी ४४ गुण लागतात. या लेखी परीक्षेचे शुल्क २३ पौंड, तर रस्त्यावरील परीक्षेचे कामाच्या दिवशी ६२ पौंड. खरी अडचण शुल्काची नसून तारखेची आहे, कारण अनेक केंद्रांत रस्त्यावरील परीक्षेची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात. घर लागले, मुलांची शाळा लागली की मग बघू, असे म्हणत लोक सहा-आठ महिने घालवतात आणि वर्ष उलटल्यावर स्वतःच्या गाडीवर शिकाऊ चालकाची एल पाटी लावून, शेजारी किमान २१ वर्षांचा आणि तीन वर्षांचा परवाना असलेला कोणी बसवून हिंडतात. शिकाऊ परवान्याचा अर्ज पहिल्या महिन्यातच टाकावा आणि लेखी परीक्षा लगेच उरकून घ्यावी; तिचा निकाल दोन वर्षे ग्राह्य असतो.

आता तुमच्यापुरते बोलायचे तर तुम्ही मॅन्युअलवरच परीक्षा द्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाल बहादूर शास्त्री मार्गाने गांधीनगर जंक्शन आणि तिथून पवई असा संध्याकाळचा प्रवास ज्याने वर्षानुवर्षे केला आहे, त्याच्या डाव्या पायाला क्लच नव्याने शिकवावा लागत नाही. गाडी इथेही रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालते आणि गिअर डाव्याच हाताला असतो, त्यामुळे अमेरिकेत किंवा जर्मनीत गेलेल्या आपल्या माणसांची सुरुवातीला जी उलटापालट होते ती तुमची होणार नाही. ही सवय अंगात आहे तोवर परीक्षा देणे सोपे. दोन वर्षे ऑटोमॅटिक चालवून मग मॅन्युअलवर परीक्षा द्यायला जाल तेव्हा तेच काम जड जाईल. आणि मॅन्युअलचा परवाना पुढे अनेकदा उपयोगी पडतो: घर बदलताना भाड्याने मिळणारी व्हॅन बहुतेक वेळा मॅन्युअल असते, आणि सुटीत स्पेन किंवा इटलीत गाडी भाड्याने घ्यायची झाली तर मॅन्युअल स्वस्त पडते.

मात्र मुंबईच्या सवयींपैकी काही इथे सोडाव्या लागतील. सिग्नलला गाडी हाफ क्लचवर धरून इंच इंच पुढे सरकवणे, चालू गाडीत पाय क्लचवर टेकवून ठेवणे, आणि पेट्रोल वाचते या समजुतीने उतारावर गाडी न्यूट्रलला सोडणे, या तिन्ही गोष्टी शिकवणी देणारा पहिल्याच दिवशी टोकतो. यातली तिसरी सर्वांत वाईट, कारण गिअर काढला की इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना पाय उचलला तर बहुतेक वेळा इंधनपुरवठा आपोआप तोडते, म्हणून ती बचतही खरी नाही. परीक्षा साधारण ४० मिनिटे चालते. सुरुवातीला २० मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते आणि १५ पर्यंत किरकोळ चुका माफ असतात, पण एकही गंभीर चूक चालत नाही. चौकात गाडी बंद पडली म्हणजे नापास, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे हँडब्रेक लावून, आजूबाजूला पाहून पुन्हा सुरू केली तर ती किरकोळ चुकीत जाते. आपले लोक नापास होतात ते बहुधा आरशांमुळे. दिशा किंवा वेग बदलण्यापूर्वी आरशात पाहिले नाही, हा शेरा मुंबईत मुरलेल्या चालकाला हमखास मिळतो. म्हणून कितीही सराव असला तरी चार-पाच तास शिकवणी घ्यावीच.

तुमच्या पत्नींचा विचार निराळा करावा लागेल. एएमटीमध्ये आत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यामुळे ती चालवलेल्या माणसाला क्लचचा अनुभव काहीच मिळत नाही. नवा देश, चौकांतली मोठमोठी गोल चक्रे (राउंडअबाउट) आणि वेगळी शिस्त यांच्या जोडीला क्लचही शिकायचा असा हट्ट मी धरणार नाही. ऑटोमॅटिकची शिकवणी ताशी थोडी महाग असते, पण एकूण तास कमी लागतात. पुढे त्यांना मॅन्युअलची गरज वाटली तर फक्त रस्त्यावरील परीक्षा द्यावी लागते, लेखी पुन्हा द्यावी लागत नाही. नवऱ्याने बायकोला मॅन्युअल शिकवण्याचा बेत मात्र करू नका, इतके मी अनुभवी शेजाऱ्यांच्या वतीने सुचवतो.

असे ठरले तर गाडीचा प्रश्न आपोआप सुटतो: घरात एकच गाडी आणि चालवणारे दोघे, म्हणजे ती ऑटोमॅटिक हवी. इथे नव्या गाड्यांत आता ऑटोमॅटिकच अधिक विकल्या जातात आणि विजेच्या बहुतेक गाड्यांना गिअर बदलण्याची गरजच नसते. तरीही जुन्या बाजारात 'ऑटोमॅटिक' या एकाच पाटीखाली चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात, तिथे लक्ष द्यावे. पूर्वापार चालत आलेला टॉर्क कन्व्हर्टर (यात इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते) टिकाऊ असतो, थोडे पेट्रोल जास्त खातो. कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचे जुने दुहेरी क्लचवाले गिअरबॉक्स गर्दीच्या शहरात तापतात आणि त्यांची दुरुस्ती महाग पडते, म्हणून सर्व्हिसचा पूर्ण इतिहास नसेल तर मी ते टाळतो. एएमटी स्वस्त असते, पण चढावर आणि हळू चालताना झटके देते. शेफील्ड आणि लीड्स परिसरातल्या चढांवर ती मला आवडली नाही. जपानी हायब्रिड (पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या) गाड्यांतली ग्रहचक्री यंत्रणा, म्हणजे एका चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांची जोडणी, हा मला सर्वांत निर्धास्त पर्याय वाटतो, कारण तिच्यात झिजणारा नेहमीचा क्लचच नसतो. कोणतीही गाडी पाहण्याआधी तिचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकावा. तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी होणारी एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याची) तपासणी कधी, किती मैलांवर आणि कोणत्या दोषांसह झाली, हे तिथे फुकट दिसते. गाडी थंड असतानाच चालवून पाहावी आणि चढावर थांबवून पुन्हा सुरू करावी.

विम्याचा धक्का बसणार हे गृहीत धरा. भारतीय परवान्यावर काही कंपन्या विमा देतच नाहीत, देतात त्या जास्त हप्ता लावतात आणि ब्रिटिश परवाना मिळाल्यावर हप्ता सहसा उतरतो. मुंबईतल्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे इंग्रजी पत्र घेऊन या. सगळ्या कंपन्या मानत नाहीत, पण मानणारी एखादी सापडली तर फायदाच. तुमच्या भारतीय परवान्याची मुदत संपत आली असेल तर निघण्यापूर्वी वडाळ्याच्या आरटीओकडून नूतनीकरण करून घ्या, कारण पहिल्या वर्षात सगळी मदार त्याच्यावर असते. आंतरराष्ट्रीय परवाना युरोपात गाडी भाड्याने घेताना मागितला जाऊ शकतो. तो एक वर्षच चालतो, तेव्हा निघण्याच्या अगदी आधी काढावा.