घरच्या छोट्या सुतारकामाच्या खोलीसाठी सर्वांत आधी काय घ्यावे?

सर्वांत आधी यंत्र न घेता जड, न डगमगणारे कामाचे टेबल आणि त्याला पक्का बसवलेला, लाकूड घट्ट पकडणारा शिकंजा घ्यावा, कारण रंधा मारताना, म्हणजे लाकूड तासून सपाट करताना, ते सरकले तर उत्तम धारेचे हत्यारही सरळ चालत नाही. उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते, साधारण तितकी टेबलाची उंची रंधाकामाला सोयीची असते. त्यानंतर करवत, रंधा, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन), दोन पटाश्या (लाकूड कोरण्याच्या छिन्न्या) आणि धार लावण्याचा दगड पुरेसा आहे. दगड मात्र टाळू नये. काम मुख्यतः प्लायवुडचे असेल, तर सर्क्युलर सॉ (गोल पात्याची यंत्रकरवत) आणि धूळ ओढणारा व्हॅक्यूम आधी घ्यावा. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक ठरवली आहे.