आलेखात मूळ दिसत नाही म्हणून ‘मूळ नाही’ असं लिहिता येईल का?

तुमचा प्रश्न असा: सॉफ्टवेअर गरजेप्रमाणे बिंदू स्वतःच वाढवतं, मग आलेख क्ष-अक्षाला कुठेच छेदत नाही हे पाहून ‘मूळ नाही’, म्हणजे फंक्शनची किंमत कुठेच शून्य होत नाही, असं लिहिलं तर काय चुकलं?

असं लिहू नका. सॉफ्टवेअर आधी थोडेच बिंदू घेतं, मग दोन बिंदूंच्या मध्ये आणखी एक किंमत काढतं. तिन्ही जवळपास एका रेषेत आले की तिथलं काम थांबवतं. वाकलेले दिसले तरच आणखी बारीक तुकडे करतं, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. क्ष + साइन(२ × π × क्ष) हे ० ते १०० मध्ये १०१ बिंदूंनी काढून बघा. बिंदू पूर्णांकांवर पडतात, मधले अर्ध्यावर, आणि दोन्हीकडे साइन शून्य. हाती येते सरळ रेष! म्हणून काही प्रोग्रॅम मधला बिंदू मुद्दाम थोडा सरकवतात. हा धोका त्याने बहुतेक टळतो.

मूळ नजरेतून निसटण्याचा धोका मात्र टळत नाही. गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांचं हे फंक्शन बघा:

१ + क्ष × क्ष + (१/८०) × लॉग|१ − ३(क्ष − १)|

लॉग नैसर्गिक आहे. क्ष = ४/३ जवळ ते उणे अनंताकडे जातं, म्हणजे ४/३ च्या दोन्ही बाजूंना एकेक मूळ आहेच. पण ४/३ पासून त्या मुळांचं अंतर सुमारे १० चा उणे ९७ वा घात, आणि नेहमीच्या ६४ बिटांच्या अंकांत तिथल्या लागोपाठच्या दोन संख्यांमधलं अंतर सुमारे १० चा उणे १६ वा घात. ४/३ च्या सर्वांत जवळच्या संख्येवरही किंमत २.३३ च्या आसपास येते. कितीही बिंदू वाढवा, आलेख शून्याच्या वरच राहणार.

मी कोल्हापूरचा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे आमचं सगळ्यांचं लक्ष असतं, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. दोन नोंदींच्या मधल्या वेळेत आपण निर्धास्त असतो, कारण तासाभरात नदी किती चढेल याला मर्यादा असते. फंक्शनलाही अशी मर्यादा लागते. डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फंक्शन बदलण्याचा वेग, अमुक किमतीपलीकडे जात नाही हे सिद्ध करा, मग बिंदूंवरच्या किमती शून्यापासून पुरेशा दूर असतील तर थोड्या बिंदूंवरूनही ‘मूळ नाही’ असं छातीठोकपणे म्हणता येतं.

दुसरा मार्ग इंटरव्हल अंकगणिताचा. त्यात अख्ख्या तुकड्यावरच्या किमतींना खालून-वरून सीमा घालतात. त्या सीमांमध्ये शून्य नसेल तर तिथे मूळ नाही. आलेखांसाठी हे रिचर्ड फेटमन यांनी १९९२ मध्ये आणि जेफ टपर यांनी २००१ मध्ये मांडलं आहे.

यातलं काही जमेपर्यंत निदान अपूर्णांकांचे छेद आणि लॉगच्या आतली राशी कुठे शून्य होते ते कागदावर काढा, आणि त्या जागा हातानेच तपासा.