वरच्या प्लॉटिंगचा गाळ, खालची भातखाचरे आणि तलाव

प्रश्न : मावळ तालुक्यात पाझर तलावाच्या काठाला माझी भातखाचरे आहेत. वरच्या उतारावर एका विकासकाने डोंगर कापून फार्महाउससाठी प्लॉट पाडले, रस्ते केले आणि सगळे पाणी दोन पाइपांतून माझ्या शेताच्या तोंडाशी सोडले. गेल्या पावसाळ्यात खाचरांत मुरूम साचला आणि तलावातही गाळ गेला. मी मातीचा आडवा बांध घातला, तर त्यांनी माझ्याविरुद्धच तहसीलदारांकडे दावा लावला आहे. तलावापासून पन्नास मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे, तिचा मला उपयोग होईल का?

उत्तर : आपण म्हणता ती बंदी पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 मधील आहे, परंतु तिच्यावर सगळा भार टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी उभारलेली बांधकामे वगळली आहेत, आणि पाझर तलाव सिंचनासाठीच आहे, हा मुद्दा समोरचे वकील पहिल्याच तारखेला मांडतील. शिवाय ते पन्नास मीटर आज दिसणाऱ्या काठापासून मोजायचे नसतात. नियम लागू होण्यापूर्वीच्या दहा वर्षांतील सरासरी उच्च पूरपातळीपासून मोजायचे असतात. आपली खरी तक्रार पाण्याचा ओघ बदलल्याची आणि त्याबरोबर माती आल्याची आहे, आणि तिथे कायद्याचा आधार अधिक भक्कम आहे.

आधी दाव्याकडे पाहू, कारण तो अंगावर आलेला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 नुसार नैसर्गिकरीत्या वाहणाऱ्या पाण्याला घातलेला अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र हे संरक्षण शेती, चराई, झाडे किंवा पिके यांसाठी वापरात असलेल्या जमिनीला आहे. वरची जमीन बिनशेती झाली असेल, तर या कलमाखाली दाद मागण्याचा विकासकाचा अधिकारच डळमळीत होतो. म्हणून त्या गटाचा सातबारा आणि बिनशेतीसंबंधीचे कागद प्रथम मिळवा. अडथळा घातल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, तेव्हा बांध कधी घातला आणि अर्ज कधी दाखल झाला, या दोन तारखाही तपासून घ्या.

दुसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 7 मधील उदाहरणानुसार वरच्या जमिनीवर पडणारे आणि ठरावीक प्रवाहाविना पसरून वाहणारे पाणी खालच्या मालकाने नैसर्गिकरीत्या येऊ द्यायचे असते, आणि हे आपणही नाकारू नये. परंतु रस्ते, छपरे आणि कापलेल्या उतारांवरचे पाणी गोळा करून, पूर्वी जे संथपणे पसरत येत होते ते दोन तोंडांतून जोराने सोडणे, हा नैसर्गिक ओघ राहत नाही. लेखी म्हणण्यात जुन्या ओघाला वाट ठेवण्याची तयारी ठामपणे नोंदवा आणि हरकत पाइपांपुरती व गाळापुरती मर्यादित ठेवा. संपूर्ण पाणीच अडवण्याचा हट्ट धरलात, तर न्याय्य बाजू असूनही हराल.

तलावाबाबत जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 अधिक उपयोगी आहे. त्यातील प्रवाहाच्या व्याख्येत कृत्रिम जलसाठेही येतात, आणि पाण्याच्या भौतिक गुणधर्मांत हानिकारक बदल होणे हे प्रदूषणाच्या व्याख्येत बसते. गाळाने गढूळ झालेले पाणी तिच्यात बसते, असे मांडण्यास चांगली जागा आहे. या आधारे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे जायचे असल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, 2010 च्या कलम 14 खालील मुदत वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने असून, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी कलम 15 खाली पाच वर्षांपर्यंत करता येते. गेला पावसाळा उलटून गेलेला असल्याने पहिल्या मुदतीचा हिशेब याच आठवड्यात वकिलांकडून करून घ्या.

पुराव्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही. विकासकाच्या मंजूर आराखड्यात पावसाळी पाण्याची वाट कुठे दाखवली आहे, हे माहितीच्या अधिकारात नियोजन प्राधिकरणाकडून मागवा. पाइप त्यात नसतील, तर तक्रारीचे वजन फार वाढते. मुरूम बाहेर नेऊन विकला गेला असेल, तर विनापरवाना उत्खननाबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. खाचरांचा पंचनामा झाला नसेल, तर साचलेला मुरूम काढण्यापूर्वी तो लेखी अर्ज देऊन करून घ्या, आणि काढण्याचा खर्च पावत्यांसह जपून ठेवा.

सुनावणी होईपर्यंत बांध आणखी उंच करू नका आणि पाइपांची तोंडे बुजवू नका. उघड्या उतारांवर गवत लावावे, पाइपांच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी खड्डा घ्यावा आणि पाणी समपातळी चरांतून पसरवून सोडावे, ही कामे पावसाळ्याआधी करून देण्याची मागणी विकासकाला नोंदणीकृत टपालाने आत्ताच पाठवा आणि तिची प्रत तहसीलदारांसमोरच्या म्हणण्याला जोडा.