बाबांच्या पखवाजाला बुवा हवा

ताई, सासूबाई जाऊन पाच महिने झाले. कणकवलीजवळच्या गावातून बाबांना (सासऱ्यांना) आम्ही डोंबिवलीला आणलं. गावी ते वर्षानुवर्षं भजनाला पखवाज वाजवायचे. इथे कुणाशी धड बोलत नाहीत, नातवाशीही नाही. अभंग ऐकायला स्पीकर आणला, त्याला हात लावत नाहीत. पखवाज पलंगाखाली पडून आहे. इथल्या मंडळात पाठवावं म्हटलं, तर नणंद म्हणते, वर्षश्राद्धाच्या आत हे बरं दिसत नाही. काय करू?
– एक सून

सूनबाई,

स्पीकर तू मायेनेच आणलास. पण बाबांनी जन्मभर साथ केली आहे. पखवाजवाल्याचं सगळं लक्ष बुवांकडे, म्हणजे भजन गाणाऱ्या मुख्य गायकाकडे असतं. बुवा पेटीवर कुठे थांबतात, चाल कधी बदलतात, गजराला लय कधी चढवतात. नजरेची खूण झाली की याचा हात पडतो आणि मागून झांज, टाळ, कोरस उठतो. स्पीकर कुणाकडे बघत नाही गं. रात्री उशिरा भजन आटोपून घरी आलं की सासूबाई असायच्या. बाबांची ती मंडळीही सुटली आणि घरचं माणूसही गेलं. तुझ्या पत्रातलं हे मला फार लागलं.

नणंदेवर रागावू नकोस, तिची आई गेली आहे. पण तिला विचार, तेराव्यापर्यंत घरी भजन झालं होतं ना? कोकणात बऱ्याच ठिकाणी घरात माणूस गेलं की भजनी मंडळी येऊन बसतात. दुःखाच्या घरात जे चालतं, ते पाच महिन्यांनी का चालू नये? माझ्या मते तर ते आत्ताच हवं.

आधी पखवाज बाहेर काढा. इतके दिवस पडून राहिला की वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) सैल पडतात, ठोकून सुरात आणावा लागतो. ते बाबांनाच करू दे. डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या बाजूच्या चामड्याला लावायची कणीक नातवाला मळायला बसव. किती सैल, किती लावायची, ते आजोबांना विचारल्याशिवाय त्याला जमणारच नाही.

डोंबिवलीत सिंधुदुर्गातल्या चाकरमान्यांची भजनी मंडळं आहेत. तुमच्या गावच्या बुवांना फोन केलास तर कोण कुठे बसतं ते कळेल. मंडळाकडून बाबांना थेट बोलावणं येऊ दे, ‘पखवाजाला माणूस हवाय’ म्हणून. तुम्ही ‘जरा मन रमवा’ म्हणालात, तर ते जाणार नाहीत.

पहिल्या दिवशी नुसते बसून परत आले, तरी काही विचारू नकोस. वाजवताना डोळे भरून आले, तर मंडळी समजून घेतील. जेवण किंवा झोप उडाली असेल, तर मात्र याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि घरी सराव करायचा तर वेळ संध्याकाळची ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून.